गावसुधारणेचा पैसा मागताना

(तालुका मेळाव्यात केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने पाड्यात मोठ्याने वाचून दाखवावं.)



मला सांगितलंय की निधीवर बोल. निधी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पैसा येत नाही, बोर्ड येतो. वर योजनेचं नाव, मग कामाचं नाव, मग अंदाजे रक्कम, आणि खाली सगळ्यात मोठ्या अक्षरात साहेबांचं नाव. बोर्ड लोखंडी असतो, मजबूत असतो. काम पहिल्या पावसात वाहून जातं, बोर्ड तसाच उभा. आमच्या पाड्यात असे तीन बोर्ड आहेत.

पहिला समाजमंदिराचा. ठक्कर बाप्पा योजनेतून बांधलं. मी काही त्याला नावं ठेवत नाही, पावसात कुणाचा साखरपुडा असला की उपयोग होतो. पण बारा महिन्यांतले दहा महिने तिथं शेळ्या असतात. दुसरा बोर्ड पाण्याच्या टाकीचा. टाकी आहे, पाइप आहे, नळही आहेत. ज्या विहिरीवरून पाणी चढवायचं ती विहीर होळीनंतर आटते. हे आमच्या आजीला माहीत होतं, तिला कोणी विचारलं नाही. तिसरा बोर्ड रस्त्याचा. रस्ता गावठाणातून निघतो आणि आमच्या नाल्यापर्यंत येऊन थांबतो. नाल्यावर मोरी नाही. बोर्ड मात्र नाल्याच्या अलीकडे, आमच्या बाजूला लावलाय. तो आणायला त्यांना नाला ओलांडावाच लागला असेल ना?

हसायला येतं, पण पुढचं ऐका. तिन्ही कामांना ग्रामसभेचा ठराव आहे. मी माहितीचा अधिकार टाकून नकला काढल्या. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, पिवळं कार्ड असेल तर तेही नाही लागत, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं. टाकीच्या ठरावाच्या रजिस्टरात माझ्या बापाची सही आहे. तारीख २६ जानेवारी. त्या दिवशी माझा बाप, माझी आई आणि मी स्वतः, आम्ही तिघं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर होतो. मी तेव्हा नववीत होते, शाळा बुडवून गेले होते म्हणून मला पक्कं आठवतं. बापाला विचारलं, ही सही तुझी का? तो म्हणाला, "माझीच हाय. दिवाळीच्या आधी कोणीतरी रजिस्टर घेऊन आलेला, म्हणला कोरम भरायचा हाय." म्हणजे सही आधी झाली, सभा नंतर झाली आणि ठराव सगळ्यात शेवटी लिहिला.

आपल्या बापांना दोष देऊ नका. ग्रामसभा कधी भरतात ते बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. जानेवारीत अर्धा पाडा भट्टीवर. मे महिन्यात काही जण अजून भट्टीवरच, घरी असतात त्या बाया पाण्याच्या मागे. ऑगस्टात आवणी नुकती आटपलेली, नाले भरलेले, कोण जातो गावठाणात? ऑक्टोबरात नागली, वरई, भात पिकायला लागतो, रानडुक्कर राखायला माळ्यावर बसायचं. आपलं वर्ष वेगळं चालतं आणि सरकारचं वर्ष वेगळं. आपण नसतो तेव्हाच आपल्या नावाने पैसा ठरतो.

आता हा पैसा कोणाचा? आपल्याकडे अजून लोक म्हणतात, साहेबांनी दिला. साहेबांनी घरून आणला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण आदिवासी एक कोटी पाच लाखांच्या आसपास, शंभरात नऊच्या वर. आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात राज्याच्या बजेटात पैसा बाजूला ठेवायचा, त्याला आदिवासी उपयोजना म्हणतात. ती पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून चालू आहे, म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या जन्माच्या आधीपासून. त्यातले पाच टक्के थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना द्यायचे असा सरकारचा निर्णय २१ एप्रिल २०१५ चा आहे. किती द्यायचे ते आपल्या डोक्यांवर ठरतं, म्हणजे गावात आदिवासी किती त्याच्यावर. ते कशावर खर्च करायचे ते ग्रामसभेने ठरवायचं. एक हिस्सा पायाभूत सोयींना, एक वनहक्क आणि पेसाच्या अंमलबजावणीला, एक आरोग्य, स्वच्छता, शिक्षणाला, आणि एक जंगल, पाणी अडवणं, वनतळी अशा कामांना. याच्याशिवाय वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीत येतो, "आमचं गाव, आमचा विकास" म्हणून जो आराखडा करतात तो त्याचाच. आणि रोजगार हमी तर आहेच, ती महाराष्ट्रात सगळ्यात आधी आली.

म्हणजे मागायला जागा पुष्कळ. मागायची रीत मात्र आपल्याला ठाऊक नव्हती. आपण काय करायचो? एक अर्ज लिहायचा, "महोदय, आम्ही गरीब आदिवासी आहोत तरी कृपा करून", आणि तो मेळाव्यात साहेबांच्या हातात द्यायचा. साहेब तो मागच्या माणसाच्या हातात देतो. मागचा माणूस त्याचं काय करतो ते आजपर्यंत कोणी पाहिलं नाही.

या वर्षी आम्ही वेगळं केलं, तेच सांगायला उभी आहे. होळीला सगळा पाडा घरी असतो. भट्टीवाला शेठ कितीही ओरडला तरी होळीला माणूस परत येतोच. म्हणून आम्ही होळीच्या दुसऱ्या रात्री पाड्याची सभा घेतली. गावठाणात नाही, आमच्या अंगणात. आधी काय मागायचं तेच ठरेना. बाप्ये म्हणाले मोरी. पावसात बाळंतीण झोळीतून न्यावी लागते, नाला चढला की ती झोळी अलीकडेच थांबते, हे खोटं नाही. बाया म्हणाल्या पाणी. दोन तास नुसती भांडणं. माझी चुलती फार बोलत नाही कधी, ती उठली, चुलीतली राख आणली आणि जमिनीवर काढून दाखवलं. हा पाडा, ही आटलेली विहीर, हा वरचा झरा. चैत्र-वैशाखात ती झऱ्यावर रात्री दोनला जाते, कारण वाटी वाटीने हंडा भरतो आणि उशिरा गेलं तर नंबर लागत नाही. ती म्हणाली, "मोरी चार महिन्यांची. पाणी बाकीच्या आठ महिन्यांचं. मोजा."

मग आम्ही खरंच मोजलं. चार पोरींनी आठवडाभर झऱ्यावर बसून लिहिलं, कोण किती वाजता आली, किती वेळ बसली, किती हंडे नेले. शाळेची वही होती, मागच्या पानांवर. ती वही म्हणजे आमचा सगळ्यात मोठा कागद ठरला. पंचायत समितीत आम्ही तोंडी सांगितलं असतं, "पाण्याची लई अडचण हाय", तर ते म्हणाले असते, सगळीकडेच आहे. वही पुढे ठेवल्यावर साहेबाने चष्मा लावला.

झऱ्याला काय हवंय? टाकी नको, मोटर नको. खाली दगडाचा छोटा बांध, झऱ्याभोवती बांधीव कुंड, वरच्या उतारावर चर, आणि पाड्यापर्यंत उताराने येणारा पाइप. वीज लागत नाही, बिल येत नाही. दगडबांध आणि चर रोजगार हमीतून, कुंड आणि पाइप पाच टक्क्यांतून. मोरीचं काम वित्त आयोगाच्या आराखड्यात पुढच्या वर्षी पहिल्या नंबरावर, असं बाप्यांना कबूल करून ठरावात लिहून घेतलं. ते लिहिलं नसतं तर त्यांनी सह्या केल्याच नसत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

आता अडचण अशी की झरा जंगलात आहे. गार्ड आला आणि म्हणाला, इथे कुदळ मारायची नाही, केंद्राची परवानगी लागते. असं ऐकलं की आपण गप घरी जातो. दिल्ली कुठे आणि आपण कुठे. पण वनहक्क कायदा २००६ चा, त्याचं कलम ३ (२) सगळ्यांनी पाठ करा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि फोनच्या तारा, तळी आणि लहान पाणवठे, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, पाणी अडवण्याची कामं, लहान कालवे, रस्ते, समाजमंदिर, सौर दिव्यांसारखी साधनं, कामधंदा शिकवण्याची केंद्रं, एवढ्या तेरा सोयींसाठी जंगलाची जमीन वापरता येते. अटी तीन. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. काम सरकारी यंत्रणेने करायचं असतं, म्हणून प्रस्ताव पंचायतीकडून जायला हवा. प्रस्ताव रेंजरकडे जातो, तो जागा बघतो, आणि मंजुरी डीएफओच्या पातळीवर होते. दिल्लीला जायला लागत नाही. आमच्या कामाला जमीन किती? दहा गुंठेसुद्धा नाही. झाड एकही तोडायचं नाही.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग वैशाखात दुसराच पैसा चालून आला, न मागता.

जंगल खात्याची माणसं आली. चांगली बोलली, चहा प्यायली. म्हणाली, तुम्ही संयुक्त वन व्यवस्थापनाची समिती करा, खात्याशी करार करा, तुमच्या पाड्याला पैसा मिळेल. घरटी गॅस, सौर दिवे, झऱ्याचं कामसुद्धा आम्हीच करून देतो, तुमच्या त्या प्रस्तावाची गरजच नाही. बाया खूश झाल्या. धूर खाऊन खाऊन डोळे गेलेत, गॅस कोणाला नको? कराराचा कागद छापील होता, सहा पानांचा. म्हणाले, इथे अध्यक्ष सही करेल, इथे बाकीचे अंगठे.

मी म्हटलं, कागद ठेवून जा, वाचतो. ते म्हणाले, त्यात वाचण्यासारखं काय नाही. तिथे माझी पाल चुकचुकली. बारावी शिकून मला नोकरी लागली नाही, पण छापील कागद वाचता येतो एवढं तरी झालं. रात्री कंदिलाखाली तो कागद पाड्याला वाचून दाखवला. चौथ्या पानावर वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की समितीचे सदस्य वनक्षेत्रातलं अतिक्रमण रोखतील आणि असलेलं अतिक्रमण काढायला खात्याला सहकार्य करतील.

अतिक्रमण म्हणजे कोण? वरच्या अंगाला आमचे एकसाली प्लॉट आहेत. नागली, वरई तिथेच होते. आमच्या पाड्याचे दावे टाकलेले आहेत. काहींना पट्टा मिळाला तो पण दोन एकर मागितले तर बारा गुंठे असा, त्यांची अपिलं चालू आहेत. काहींची मोजणीच झाली नाही. कायद्याच्या कलम ४ (५) प्रमाणे दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून उठवता येत नाही. कायदा आपल्याला दावेदार म्हणतो. त्या कागदावर सही केली असती तर आपणच आपल्याला अतिक्रमणवाले म्हटलं असतं, आपल्याच अंगठ्याने, आणि उद्या मोजणीच्या वेळी तोच कागद आपल्यासमोर आला असता.

मी असं म्हणत नाही की खात्याचा प्रत्येक पैसा वाईट. काही गावांनी समित्या करून चांगलं जंगल राखलंय. पण वनहक्क कायद्याच्या नियम ४ प्रमाणे जंगल राखायला ग्रामसभा स्वतःची समिती करू शकते. ती ग्रामसभेला जबाबदार असते. दोन समित्यांची नावं सारखी वाटतात, मालक वेगळे आहेत. आम्ही आमची समिती केली, आणि खात्याला पत्र दिलं की गॅस आणि दिवे द्यायचे असतील तर द्या, आमच्या ग्रामसभेच्या समितीबरोबर काम करा, अतिक्रमणाचं वाक्य काढा. पोच घेतली. उत्तर आलं नाही. गॅस पण आला नाही.

हे मी लपवणार नाही. पाड्यातली चार-पाच घरं माझ्याशी नीट बोलत नाहीत. एका वहिनीने मला तोंडावर सांगितलं, "तुला काय, तू मीटिंगला फिरतेस. धूर मी खाते." तिला मी काय उत्तर देऊ? तिचं खरंच आहे. तिचा प्लॉट वाचला हे तिला दिसत नाही, कारण प्लॉट कालही होता आणि आजही आहे. गेला असता तर दिसलं असतं. म्हणून आता पाच टक्क्यांतल्या आरोग्याच्या हिश्शातून धूर कमी करणाऱ्या चुली घेता येतात का, ते आम्ही पुढच्या सभेत घेतलंय. नुसतं नाही म्हणून चालत नाही, नाही म्हटलं की दुसरी वाट शोधायची जबाबदारी आपल्यावर येते.

कोणी म्हणेल, मेंढा-लेखाकडे बघा. बघायलाच पाहिजे. गडचिरोलीतलं ते छोटं गोंड गाव, २००९ मध्ये त्यांना अठराशे हेक्टरच्या आसपास जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पुढे २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक केंद्राच्या मंत्र्याला गावात येऊन ग्रामसभेच्या हातात द्यावं लागलं. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो, आणि स्वतःचा पैसा असला की दुसऱ्याच्या पैशाच्या अटी वाचायला धीर येतो. चंद्रपूरचं पाचगाव तसंच. पण आपल्याकडे बांबू तेवढा नाही, खोटं कशाला बोलू. आपलं जंगल खात्याने आणि ठेकेदारांनी आधीच पातळ केलंय. आपल्याला आधी सामूहिक दावा टाकायचाय, आणि तोपर्यंत या बाहेरच्या निधीतूनच पाणी आणायचंय. दोन्ही एकदम करायला लागेल.

आता जे पाडे पहिल्यांदा मागणार आहेत त्यांना चार गोष्टी सांगते, आमच्या चुकांवरून. सभा आपल्या वेळेला घ्या. होळी, नाहीतर दिवाळीच्या आधी, भट्टीचा मुकादम उचल घेऊन यायच्या आत. कायद्याच्या कामाची सभा असेल तर निम्मी माणसं आणि त्यातल्या एक तृतीयांश बाया लागतात, मोजून लिहा. रजिस्टर भरलेलं असल्याशिवाय सही करू नका, खाली जागा मोकळी राहिली तर आडवी रेघ मारा. आम्ही पहिल्या ठरावात रेघ मारली नाही आणि त्या मोकळ्या जागेत "व पेव्हर ब्लॉक बसविणे" असं नंतर कोणीतरी लिहिलं. झऱ्याकडे जायच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक! ते खोडायला आम्हाला परत सभा घ्यावी लागली.

ठरावात "कृपा करून" लिहू नका. "कलम ३ (२) प्रमाणे ग्रामसभा शिफारस करत आहे" असं लिहा. आणि काम जंगलाच्या जमिनीवर असेल तर त्याच ठरावात एक वाक्य घाला, की या कामामुळे गावातल्या कोणाच्याही वनहक्क दाव्याला बाधा येणार नाही, दाव्यांचे नंबर सोबत जोडले आहेत. रोजगार हमीचं काम मागताना नमुना ४ भरा आणि तारखेसकट पोच घ्या, पोच नसेल तर तुम्ही काम मागितलंच नाही असं होतं.

आणि पाड्याचं वेगळं गाव करायचं काम मागे टाकू नका. पेसा कायद्यात गाव म्हणजे जिथे एक समाज आपल्या रितीरिवाजाने आपला कारभार करतो ती वस्ती. ग्रामपंचायतीची हद्द म्हणजे गाव नव्हे. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून प्रांताकडे पाठवायचा. आमचा पाठवून झालाय. तोपर्यंत आमचं पाणी गावठाणाच्या सभेत हात वर करून ठरतं, आणि तिथे आमचे हात कमी पडतात.

झऱ्याचं काय झालं, ते विचारणार तुम्ही. चर खणून झाले, रोजगार हमीत, मजुरी उशिरा पण आली. दगडबांध झाला. कुंडाचा आणि पाइपचा प्रस्ताव दोन महिने रेंजरच्या टेबलावर आहे. आधी म्हणाले नकाशा नाही, नकाशा दिला. मग म्हणाले ग्रामसभेचा ठराव मराठीत आहे. तो काय फारशीत लिहायचा होता? आता म्हणतात साहेब बदलून गेले. पाऊस संपत आलाय, कार्तिकात माणसं भट्टीवर निघतील. म्हणून येत्या सोमवारी आमच्या पाड्याच्या बाया ती वही घेऊन रेंज ऑफिसला बसायला जाणार आहेत. शेजारच्या दोन पाड्यांचे असेच प्रस्ताव अडकलेत असं आत्ता बसल्या बसल्या कळलं. त्यांनीही यावं. सकाळी पहिल्या एसटीने या, भाकरी बांधून आणा, आणि दाव्याच्या पावतीची एक झेरॉक्स प्रत्येकाने जवळ ठेवा. पाणी आणायची गरज नाही, ऑफिसात चांगला नळ आहे.

जिंदाबाद.